अठराव्या वाढदिवसाला संपणारे संरक्षण

३० जून २०२४ च्या मध्यरात्रीपर्यंत एखाद्या प्रौढ पुरुषावर दुसऱ्या पुरुषाने बळजबरीने शरीरसंबंध लादला, तर भारतात तो जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा गुन्हा होता. १ जुलै उजाडला, भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कृत्य कोणत्या कलमाखाली नोंदवायचे हे ठाणे अंमलदारालाच काय, दिल्ली उच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलांनाही सांगता येईना. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ नव्या संहितेत घेतलेच गेले नाही आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. ‘दंडाऐवजी न्याय’ असा गाजावाजा करून आणलेल्या कायद्याने एका प्रकारच्या पीडिताला दंडही ठेवला नाही आणि न्यायही, इतकी ही साधी आणि गंभीर गोष्ट आहे.

कलम ३७७ चा इतिहास बहुतेकांना समलैंगिकतेच्या लढ्यामुळे माहीत आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले. मात्र संमतीविना होणारी कृत्ये, अल्पवयीनांवरील आणि प्राण्यांवरील अत्याचार यांच्यापुरते कलम न्यायालयाने जाणीवपूर्वक कायम ठेवले होते. बलात्काराची व्याख्या करणारे जुने कलम ३७५ आणि आताचे कलम ६३ ही दोन्ही आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री असे गृहीत धरूनच लिहिलेली आहेत. म्हणजे प्रौढ पुरुषासाठी उरलेला एकमेव आधार हा ३७७ चा तुकडा होता, आणि संमतीच्या संबंधांवरील बंदी काढण्याच्या भरात, किंवा नुसत्या दुर्लक्षाने, तोही काढून टाकला गेला.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, ते एका कल्पित पण सहज घडू शकणाऱ्या प्रसंगावरून पाहू. शिक्षणासाठी नाशिकला येऊन खोली घेऊन राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलावर त्याच्या घरमालकाच्या मुलाने आणि त्याच्या मित्राने रात्री अत्याचार केला. दोन दिवस कोणाशी न बोलता काढल्यावर तो एका मित्राला घेऊन पोलीस ठाण्यात गेला आणि, आपल्या नशिबाने म्हणू या, समोरचा अंमलदार सज्जन निघाला; त्याने हसण्यावारी नेले नाही. तरी तो लिहिणार काय? कलम ११५ प्रमाणे इच्छापूर्वक दुखापत, म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी नोंदवून ‘कोर्टात जा’ असे सांगण्यापुरताच. खोलीत कोंडले होते म्हणून कलम १२७ खाली गैरपरिरोध लावता येईल, तो दखलपात्र आहे, पण शिक्षा पुन्हा एक वर्षापर्यंतच आणि जामीन हक्काचा. सात वर्षांपर्यंत शिक्षेची ‘गंभीर दुखापत’ लावायची, तर कलम ११६ मधली यादी पाहावी लागते: हाड मोडणे, डोळा किंवा कान निकामी होणे, चेहरा कायमचा विद्रूप होणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे अथवा नेहमीची कामे करता न येणे. म्हणजे त्या मुलावर काय घडले हे बाजूला राहून, त्याला पंधरा दिवस किती दुखले हे सिद्ध करत बसायचे. त्याच्या शरीरावर त्याच्या इच्छेविरुद्ध ताबा घेतला गेला, ही मूळ गोष्ट त्या फिर्यादीत कुठेच गुन्हा म्हणून येत नाही.

आणि हे फक्त शिक्षेच्या वर्षांपुरते नाही. लैंगिक गुन्ह्यांना आपल्या कायद्याने गेल्या चार दशकांत काही कवचे दिली, ती सगळी कलमांच्या क्रमांकांना बांधलेली आहेत. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे कलम ७२ खाली गुन्हा आहे, पण तो कलम ६४ ते ७१ मधील पीडितांपुरता. आपल्या नाशिकच्या मुलाचे नाव, कॉलेज आणि गाव उद्या एखाद्या स्थानिक यूट्यूब वाहिनीने सांगितले, तर त्या कलमाचा त्याला उपयोग नाही. खटला बंद दालनात चालवण्याची, फौजदारी प्रक्रिया सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३६६ ची तरतूद बलात्कार आणि पोक्सो (अठरा वर्षांखालील बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांच्या खटल्यांसाठी आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करावेत असे सांगणारे कलम ३९७ सुद्धा त्याच क्रमांकांना जोडलेले आहे. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि ती चांगली योजना आहे, पण ती महिला आणि बालकांसाठी आहे. सर्वसाधारण भरपाई योजनेखाली तो अर्ज करू शकतो. पण अर्जाला जोडायला त्याच्याकडे असलेला कागद मारहाणीचा असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाने तरी त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे की ती वाचून कायदा करणाऱ्यांनी स्वतःचा मसुदा शेवटपर्यंत वाचला होता का, असा प्रश्न पडतो. न्याय संहितेचे कलम ३८ स्वसंरक्षणाचा हक्क सांगते. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, त्या प्रसंगांच्या यादीत बलात्काराच्या उद्देशाने केलेला हल्ला आहे आणि त्याच्या लगेच खाली ‘अनैसर्गिक वासना’ भागवण्याच्या उद्देशाने केलेला हल्लाही आहे. कलम १४० मध्ये एखाद्या व्यक्तीला अशा वासनेला बळी पाडण्यासाठी पळवून नेले, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे तुमच्यावर असा हल्ला होत असताना तुम्ही हल्लेखोराला ठार केले, तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. त्या कामासाठी कोणी तुम्हाला पळवले, तर कायदा त्याला दहा वर्षे आत टाकील. पण कोणी न पळवता तुमच्याच खोलीत ते काम पुरे केले आणि तुम्ही त्याला न मारता पोलिसांकडे गेलात, तर कायद्याकडे त्या कृत्यासाठी कलम नाही.

हे नजरचुकीने झाले असे म्हणायलाही जागा ठेवलेली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेले विधेयक गृहखात्याशी संबंधित संसदीय स्थायी समितीकडे गेले आणि नोव्हेंबरमध्ये समितीने स्पष्ट शिफारस केली की पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती आणि प्राणी यांच्यावरील संमतीविना अत्याचारांसाठी कलम ३७७ चा उरलेला भाग नव्या संहितेत ठेवावा. सुधारित विधेयक डिसेंबरमध्ये आले, विरोधी बाकांवरील खासदार मोठ्या संख्येने निलंबित असताना दोन्ही सभागृहांत संमत झाले, आणि शिफारस मात्र गायब होती. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका आली तेव्हा खंडपीठाने, तरतूदच नसेल तर हा गुन्हा तरी आहे का, असा थेट प्रश्न केला आणि याचिकेलाच निवेदन समजून, शक्यतो सहा महिन्यांत निर्णय घ्यावा, असे केंद्राला सांगितले. ऑक्टोबरमध्ये तोच विषय सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालय नवा गुन्हा निर्माण करू शकत नाही, ते संसदेचे काम आहे, असे सांगून याचिका फेटाळली गेली. घटनात्मकदृष्ट्या ते बरोबरच आहे. सहा महिने मात्र कधीच उलटून गेले आणि संहितेत कलम आलेले नाही.

आता यावरचा उपाय म्हणून ‘३७७ परत आणा’ अशी मागणी ऐकू येते, आणि समितीचीही शिफारस तीच होती. मला तो उपाय मान्य नाही. ३७७ मध्ये गुन्हा घडत असे तो माणसाविरुद्ध नव्हे, ‘निसर्गक्रमा’विरुद्ध. संमती होती की नव्हती हा त्या कलमाच्या व्याख्येचा भागच नव्हता. १९८२ साली फजल रब चौधरी खटल्यात एका लहान मुलावरील अत्याचाराबद्दल दिलेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली, आणि कारणांत बळाचा वापर झालेला दिसत नाही, असे म्हटले. मूल संमती देऊच शकत नाही, हा विचार त्या कलमात कुठे लिहिलेलाच नव्हता, मग न्यायालयाला तो दिसणार कसा? प्रौढ पुरुषाची गत तर त्याहून वाईट होती. २०१८ पूर्वी त्याने तक्रार केली, तर आपण त्या कृत्यात सामील नव्हतो हे आधी त्यालाच पटवून द्यावे लागे, नाहीतर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नसे. अशा कलमाचा जीर्णोद्धार करून पुरुष पीडिताला समान न्याय मिळेल, ही समजूत चुकीची आहे. शिवाय ज्या कलमाने दीडशे वर्षे समलैंगिक माणसांना खंडणीखोरांच्या आणि काही पोलिसांच्या ताब्यात दिले, त्याचे भूत पुन्हा घरात घेण्याची गरजही नाही.

तरीही त्या मोडक्या हत्याराने काही खटले लढले गेले, आणि त्यांतले दोन आपल्या अगदी जवळचे आहेत. मडगावात ‘गुरुकुल’ नावाने अनाथालय चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि मार्च १९९६ मध्ये गोव्याच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. दुसरे प्रकरण अँकरेज निवाऱ्यांचे. मुंबईत कुलाब्याला आणि रायगड जिल्ह्यात मुरूडला रस्त्यावरच्या मुलांसाठी हे निवारे चालवणारे दोघे ब्रिटिश नागरिक २००६ मध्ये सत्र न्यायालयात दोषी ठरले, २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सुटले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयाचा निकाल पुन्हा कायम केला. दोन्हीकडे बळी गेलेली मुले मुलगेच होती, दोन्हीकडे मुख्य आधार ३७७ हाच होता, आणि दोन्हीकडे आरोपी हा त्या मुलांचा पोशिंदा म्हणून समाजात मान मिळवून बसलेला पुरुष होता. त्या खटल्यांतून आणि त्याच सुमाराला झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीतून पुढचा कायदा घडला. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या पाहणीत, महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे नोंदले गेले, आणि त्यांतले ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलगी असेल तर जपायचे आणि मुलगा असेल तर मोकळे सोडायचे, या आपल्या घराघरांतल्या शहाणपणाला त्या आकड्याने दिलेला तडाखा अजून पुरेसा जाणवलेला नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झालेल्या पोक्सो कायद्याने हा धडा घेतला. त्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षांखालील कोणीही व्यक्ती, मुलगा की मुलगी हा प्रश्नच नाही. संमतीचा प्रश्न नाही. कृत्यांची व्याख्या सविस्तर आहे. जबाब कसा घ्यावा, खटला कुठे चालवावा, ओळख कशी जपावी हे सगळे ठरलेले आहे. त्यामुळे आजच्या कायद्यात एक मुलगा सतरा वर्षे अकरा महिन्यांचा असेपर्यंत जगातल्या चांगल्या कायद्यांपैकी एकाच्या छत्राखाली असतो, आणि अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी त्याला उघड्यावर सोडले जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगनंतर मृत्यू झाला. तो अठराचा झालेला नव्हता, म्हणून तपासात पोक्सोचे कलम जोडता आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग महाविद्यालयातला प्रकार उघडकीला आला. वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलांना विवस्त्र करून गुप्तांगावर डंबेल टांगले गेले, कंपासच्या टोकाने टोचले गेले आणि त्याचे चित्रीकरण केले गेले. पाच ज्येष्ठ विद्यार्थ्यांना अटक झाली आणि त्यांच्यावर राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा, शस्त्राने दुखापत, खंडणी आणि धमकी अशी कलमे लागली. यात लैंगिक अत्याचार झाला हे ते चित्रीकरण पाहणाऱ्या कोणालाही कळेल. पण प्रौढ मुलाच्या बाबतीत तसे म्हणणारे कलम न्याय संहितेत नाही. इथे हेही लक्षात घ्यावे की जुने ३७७ असते, तरी ते या प्रकरणाला लागू झाले नसते, कारण त्यात शरीरसंबंधाखेरीज काहीच बसत नसे. आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यातही दोन वर्षांपलीकडे शिक्षा नाही.

पुरुषाच्या लैंगिक विटंबनेला कायद्यात नाव देणे अशक्य आहे असेही नाही, कारण एका ठिकाणी ते दिलेले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कपडे उतरवणे, मुंडण करणे, मिशा काढणे अशा अपमानकारक कृत्यांचा गुन्हा स्त्री-पुरुष भेद न करता लिहिलेला आहे. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यातल्या वाकडीला विहिरीत पोहले म्हणून दलित मुलांना विवस्त्र करून मारले गेले, तेव्हा कायद्यात त्या विटंबनेला जागा होती. पुरुषाला नागवे करणे हे सत्ता गाजवण्याचे फार जुने साधन आहे, हे जातीच्या अनुभवातून आलेल्या कायद्याने ओळखले. सर्वसाधारण फौजदारी कायद्याने अजून ओळखलेले नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेपाकडे येतो, आणि तो स्त्री चळवळीचा आहे. पुरुषही पीडित असू शकतो हे मान्य करण्यात चळवळीला अडचण नव्हती आणि नाही. मार्च २००० मध्ये विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालाने बलात्काराऐवजी ‘लैंगिक हल्ला’ असा, आरोपी आणि पीडित दोन्ही बाजूंनी लिंगनिरपेक्ष गुन्हा सुचवला, तेव्हा मुंबईच्या फ्लेव्हिया ॲग्नेस यांच्यासारख्या अनुभवी वकिलांनी विरोध केला तो मुख्यतः आरोपीच्या बाजूने लिंगभेद पुसण्याला. २०१३ मध्ये, दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने मधला मार्ग सुचवला: पीडित कोणीही व्यक्ती, आरोपी मात्र पुरुष. सरकारने ३ फेब्रुवारीच्या अध्यादेशात समितीचे न ऐकता दोन्ही बाजू लिंगनिरपेक्ष केल्या, गदारोळ झाला, आणि एप्रिलमध्ये झालेल्या कायद्यात पुन्हा ‘पुरुष आरोपी, स्त्री पीडित’ हीच चौकट परतली. गदारोळ आरोपीच्या बाजूवरून होता, पण त्यात वाहून गेला तो पीडित पुरुष, ज्याच्याबद्दल फारसे कोणाचे दुमतच नव्हते.

आरोपीच्या बाजूबद्दलची भीती निराधार नाही. ज्या राज्यात मथुरा प्रकरण घडले, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून, पोलिसांना सोडले, त्या राज्यात ही भीती समजावून सांगावी लागू नये. तिने तक्रार केली की दुसऱ्या दिवशी त्याने ‘उलट तिनेच माझ्यावर’ अशी फिर्याद द्यायची, दोन्ही गुन्हे समोरासमोर ठेवून गावच्या पुढाऱ्यांनी ‘मिटवून टाका’ म्हणायचे, हा प्रकार चोरी-मारहाणीच्या परस्पर फिर्यादींत आपण रोज पाहतो. लैंगिक गुन्ह्यांत तो शिरला, तर सगळ्यात आधी माघार घेईल ती गरीब बाई.

पण म्हणून पुरुष पीडिताने थांबावे, हे त्यातून निघत नाही. वर आलेल्या प्रकरणांकडे पुन्हा पाहा: मडगाव, कुलाबा, मुरूड, कोट्टायम. कुठेही स्त्रीने पुरुषावर अत्याचार केल्याची गोष्ट नाही. बलवान पुरुषाने, वयाने, पैशाने, हुद्द्याने किंवा जातीने वर असलेल्या पुरुषाने, दुबळ्या पुरुषावर केलेला हा अत्याचार आहे. कच्च्या कैद्याला कोठडीत मिळणारी वागणूक, महामार्गावर उस्तादाच्या मर्जीवर जगणारा ट्रकचा क्लीनर, गावाहून आणलेला आणि हॉटेलातच झोपणारा पोऱ्या अठराचा झाल्यावर, या सगळ्या ठिकाणी तीच उतरंड आहे. ती समजायला स्त्री चळवळीनेच आपल्याला शिकवले आहे: बलात्कार हा वासनेचा कमी आणि सत्तेचा जास्त मामला असतो. म्हणून हा प्रश्न पुरुष विरुद्ध स्त्री असा मांडणारे लोक, एरवी गप्प बसून एखाद्या स्त्रीची तक्रार गाजू लागली की ‘पुरुषांचे काय?’ म्हणून पुढे येणारे, या पीडितांचे मित्र नाहीत. त्यांना तो मुलगा नको असतो, त्याचा दाखला हवा असतो. खोट्या तक्रारींचे पालुपद तेच लोक आळवतात, आणि विनोद असा की पुरुष पीडित ठाण्यात गेला की त्याच्यावरही पहिला संशय खोटेपणाचाच घेतला जातो.

माझ्या मते कलम ६३ ला हात न लावता त्याच्या शेजारी नवे कलम लिहावे. स्त्री नसलेल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीवर, म्हणजे पुरुष आणि तृतीयपंथी दोघांवर, संमतीविना केलेले लैंगिक कृत्य हा गुन्हा, कृत्यांची व्याख्या कलम ६३ इतकीच सविस्तर, संमतीची व्याख्याही तीच, शिक्षाही तितकीच. त्याखालच्या पायरीवर विवस्त्र करणे, गुप्तांगांना इजा करणे, चित्रीकरण करणे यांसाठी आताची कलमे ७४ ते ७७ जी स्त्रियांसाठी आहेत, त्यांना समांतर कलमे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यातील कलम १८ मध्ये लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली आहे, ती एक प्रकारची थट्टाच आहे आणि नव्या कलमाने तीही संपावी. मग कलम ७२, ३६६ आणि ३९७ मध्ये या नव्या क्रमांकांची भर घातली की ओळख, बंद दालन आणि उपचार ही कवचे आपोआप मिळतील.

स्त्री आरोपी असू शकते का? असू शकते, आणि कायद्याने ते नाकारू नये. पोक्सोखाली स्त्रीवरही खटला चालू शकतो, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेला आहे, आणि त्याने मुलींचे संरक्षण कमी झालेले नाही. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्याने हा पेच नीट सोडवला: पीडित कोणीही, बलात्काराची व्याख्या मात्र अशी की आरोपी बहुधा पुरुषच असणार, आणि कोणाला बळजबरीने लैंगिक कृत्य करायला लावणे हा स्वतंत्र गुन्हा, ज्यात स्त्रीही आरोपी होऊ शकते. आपल्याकडे त्यात एक अट मी जोडीन. त्याच घटनेबद्दल स्त्रीची तक्रार आधी नोंदली असेल, तर तिच्याविरुद्धची उलट फिर्याद पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने कारणे लिहून दिल्याखेरीज नोंदली जाऊ नये. परस्पर फिर्यादींचा खेळ त्याने पूर्ण थांबणार नाही, पण सहजासहजी खेळताही येणार नाही. शेजारच्या पाकिस्तानने २०२१ मध्ये बलात्काराची व्याख्या बदलून पीडित म्हणून स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी या तिघांनाही त्यात घेतले. तिथल्या अंमलबजावणीचे कौतुक करायला मी जाणार नाही, पण कागदावर लिहिण्याची हिंमत तरी त्यांनी दाखवली.

नुसत्या कलमाने मुलगा ठाण्यापर्यंत येणार नाही हे खरे. ‘पुरुष असून प्रतिकार का केला नाहीस’ हा प्रश्न पोलीस विचारण्याआधी वडील विचारतात. भीतीने शरीर थिजते, आणि कधी शरीर आपल्या इच्छेविरुद्ध प्रतिसादही देते. त्या प्रतिसादाला संमती समजणे शुद्ध अज्ञान आहे, पण ते अज्ञान पीडिताच्या स्वतःच्या मनातही असते आणि त्याला वर्षानुवर्षे गप्प ठेवते. मात्र समाज बदलल्यावर कायदा करू, हे म्हणणे उलटे आहे. पोक्सोआधी मुलाच्या तक्रारीकडे पाहण्याची रीत आणि पोक्सोनंतरची रीत यांत पडलेला फरक शाळांमधले शिक्षक आणि समुपदेशक सांगू शकतील. कलम असले की प्रशिक्षणात त्याचा तास होतो, रुग्णालयात त्याचा अर्ज छापला जातो, गुन्ह्यांच्या वार्षिक तक्त्यात त्याचा रकाना येतो. बलात्काराच्या राष्ट्रीय आकडेवारीत आज प्रौढ पुरुषाचा रकाना व्याख्येमुळेच असू शकत नाही, आणि मग ‘असे प्रकार होतच नाहीत, आकडे कुठे आहेत?’ हे विचारायला सगळे मोकळे राहतात.

आणि या विषयात उशिराची किंमत इतर कायद्यांपेक्षा वेगळी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (१) प्रमाणे, कृत्य घडले त्या दिवशी जे कायद्याने गुन्हा नव्हते, त्याबद्दल नंतर आलेल्या कायद्याखाली कोणालाही शिक्षा करता येत नाही. हे तत्त्व योग्यच आहे आणि तसेच राहिले पाहिजे. ३० जून २०२४ पर्यंतच्या अत्याचारांवर जुन्या ३७७ खाली आजही खटला चालू शकतो, कारण जुन्या गुन्ह्यांना नव्या संहितेने राखून ठेवले आहे. संसदेने उद्या कितीही चांगले कलम लिहिले, तर ते उद्यापासूनच लागू होईल. १ जुलै २०२४ आणि तो उद्याचा दिवस यांच्यामध्ये ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्या प्रत्येक प्रौढ पुरुषाच्या गुन्हेगाराला या एका कृत्यासाठी कोणतेही सरकार, कोणतेही न्यायालय, पुढे कधीही शिक्षा करू शकणार नाही. आणि अधिवेशने येत-जात असताना त्या यादीत दर दिवशी नावे वाढत आहेत.